पोलिसांच्या गाडीत नर्स कशासाठी? इंग्लंडचं कलम १३६ आणि 'स्ट्रीट ट्रिआज'

इंग्लंड आणि वेल्समध्ये गस्तीवरच्या साध्या कॉन्स्टेबलकडे एक अधिकार आहे, जो रुग्णालयाबाहेर तिथल्या मनोविकारतज्ज्ञालाही एकट्याने वापरता येत नाही. समोरचा माणूस मानसिक आजाराने ग्रासलेला दिसतोय, त्याला तातडीने सांभाळण्याची किंवा आवरण्याची गरज आहे आणि त्याच्या भल्यासाठी किंवा इतरांच्या सुरक्षेसाठी हे करावंच लागेल, असं कॉन्स्टेबलचं मत झालं की तो त्या माणसाला 'सुरक्षित जागी' नेऊ शकतो. वॉरंट लागत नाही, डॉक्टरचा कागद लागत नाही, गुन्हा घडलेला असायचीही गरज नाही. १९८३ च्या मेंटल हेल्थ ॲक्टमधलं हे कलम १३६. वर्षाला साधारण ३० हजारांच्या आसपास वेळा ते वापरलं जातं.

यातले बरेच जण तपासणी झाली की दाखल न होता घरी जातात. म्हणजे पोलिसांनी उगाच पकडलं होतं, असा अर्थ लगेच काढू नये. पुलाच्या कठड्याशी उभ्या असलेल्या माणसाबद्दल पोलिसाला जे काही कळतं ते समोर दिसतं तेवढंच. हा कोण, आधी काय झालं होतं, उपचार चालू आहेत का, यातलं काहीच त्याच्याकडे नसतं. त्याला सोडून दिलं आणि तासाभरात त्याने जीव दिला, तर चौकशी त्या पोलिसाची होते. ताब्यात घेतलं आणि नंतर डॉक्टरांनी घरी पाठवलं, तर कोणी काही विचारत नाही. अशा परिस्थितीत कोणीही ताब्यात घेण्याचाच निर्णय घेईल. म्हणून हे आकडे कमी करायचे तर पोलिसांना 'जरा समजुतीने वागा' असं सांगून भागत नाही. निर्णयाच्या त्या दहा-पंधरा मिनिटांत त्यांच्या हाताशी माहिती आणि दुसरा पर्याय असावा लागतो. पोलिसांसोबत मानसिक आरोग्य नर्स देण्याची कल्पना इथून आली. तिला 'स्ट्रीट ट्रिआज' म्हणतात.

आधी कायदा नेमका काय करू देतो

११ डिसेंबर २०१७ पासून या कलमात मोठे बदल झाले. त्याआधी ते फक्त लोकांना मोकळी ये-जा असलेल्या जागी वापरता यायचं. आता राहतं घर आणि त्याला लागून असलेली खासगी बाग, गॅरेज वगैरे सोडून कुठेही वापरता येतं. रेल्वेचे रूळ, कार्यालयाचं गच्चीवरचं छप्पर, सगळं त्यात आलं. घरात मात्र हा अधिकार नाही. तिथे कलम १३५ लागतं: मान्यताप्राप्त मानसिक आरोग्य अधिकारी मॅजिस्ट्रेटकडून वॉरंट घेतो आणि पोलिस, डॉक्टर व तो अधिकारी असे तिघे मिळून जातात. या अधिकाऱ्याला कामावरचे लोक थोडक्यात 'ॲम्प' म्हणतात. बहुतेक ॲम्प मुळात समाजकार्याचं शिक्षण घेतलेले असतात. घरातल्या माणसाला 'जरा बाहेर या, बोलू' म्हणून अंगणाबाहेर आणायचं आणि मग १३६ लावायचं, हा शॉर्टकट वर्षानुवर्षं वापरला गेला आहे. तो कायद्याला धरून नाही.

ताब्यात ठेवण्याची मुदत ७२ तासांवरून २४ तासांवर आली. घड्याळ सुरू होतं ते माणूस पहिल्या सुरक्षित जागी पोहोचल्यावर. आधी अपघात विभागात नेलं आणि तिथून '१३६ सुइट' नावाच्या खास खोलीत हलवलं, तरी घड्याळ पुन्हा शून्यावर येत नाही. या २४ तासांत डॉक्टरने तपासायचं, ॲम्पने बोलायचं आणि पुढची व्यवस्था लावायची. डॉक्टर आणखी १२ तास वाढवू शकतो, पण कारण एकच चालतं: माणसाच्या प्रकृतीमुळे तपासणी पुरी होऊ शकली नाही. उदाहरणार्थ, तो इतका प्यायलेला आहे की बोलणंच शक्य नाही. 'वॉर्डात खाट नाही' हे मुदतवाढीचं कारण होऊ शकत नाही. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. दाखल करायचं ठरलेलं असतं, खाट मिळत नाही, २४ तास सरतात आणि मग माणसाला कोणत्या अधिकाराने थांबवलंय याचं उत्तर कोणाकडेच नसतं.

पोलिसांनी हे कलम लावण्याआधी, शक्य असेल तिथे, डॉक्टर, नर्स, ॲम्प, ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा पॅरामेडिक (रुग्णवाहिकेवरचा प्रशिक्षित कर्मचारी) यांपैकी कोणाशी तरी बोललं पाहिजे, हेही २०१७ च्या दुरुस्तीनेच सांगितलं. ट्रिआजची गाडी त्याच्या कितीतरी आधी रस्त्यावर आली होती; कायद्याने तिला मागाहून आधार दिला.

कोठडीचं काय? २००५-०६ मध्ये या कलमाखाली सुमारे साडेअकरा हजार लोकांना पोलिस कोठडीत नेलं गेलं होतं, रुग्णालयात नेलेल्यांच्या जवळपास दुप्पट. गुन्हा काही नाही, आणि बसायचं चोर-दरोडेखोरांच्या शेजारी. २००८ मध्ये स्किझोफ्रेनिया असलेला शॉन रिग लंडनच्या ब्रिक्स्टन पोलिस ठाण्यात दगावला. पोलिस आणि मानसिक आरोग्य हा विषय त्यानंतर वर्षानुवर्षं चर्चेत राहिला. लॉर्ड व्हिक्टर ॲडेबोवाले यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने २०१३ मध्ये लंडन पोलिसांच्या ५५ प्रकरणांची छाननी करून अहवाल दिला. फेब्रुवारी २०१४ मध्ये 'क्रायसिस केअर कन्कॉर्डॅट' नावाचा करार झाला; त्यात आरोग्यसेवा, पोलिस आणि स्थानिक प्रशासन यांनी आपापली जबाबदारी लिहून दिली. आता १८ वर्षांखालच्या मुलाला या कलमाखाली ठाण्यात नेताच येत नाही. मोठ्यांसाठीही २०१७ च्या दुरुस्तीने फक्त अपवादात्मक स्थितीत मुभा ठेवली, म्हणजे गंभीर इजा किंवा मृत्यूचा तत्काळ धोका असेल आणि दुसरी कुठलीच जागा त्याला सांभाळू शकत नसेल तरच. सध्या कोठडीत जाणाऱ्यांचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे. या सगळ्या सुधारणांमध्ये हे यश सर्वात निर्विवाद, आणि ते मुख्यतः कायद्याने व १३६ सुइट बांधल्याने आलं, गाडीतल्या नर्समुळे नव्हे.

नर्स येऊन करते काय

क्लीव्हलँड आणि लेस्टरशर इथे २०१२-१३ च्या सुमारास सुरुवात झाली. मग आरोग्य खात्याने पैसे देऊन नऊ पोलिस दलांमध्ये प्रयोग केले. त्यात ससेक्स, डर्बीशर, वेस्ट यॉर्कशर, लंडनचं मेट्रोपॉलिटन पोलिस आणि रेल्वेवर काम करणारं ब्रिटिश ट्रान्सपोर्ट पोलिसही होते. सगळ्यांची रचना एकसारखी नव्हती. काही ठिकाणी पोलिस आणि नर्स एकाच गाडीत फिरतात. बर्मिंगहॅम भागात जानेवारी २०१४ पासून पोलिस, नर्स आणि पॅरामेडिक असे तिघे एका गाडीत होते. जखम किंवा गोळ्यांचा ओव्हरडोस असेल तर जागच्या जागी बघता यावं म्हणून. काही ठिकाणी नर्स पोलिसांच्या नियंत्रण कक्षात बसते आणि फोनवरून, वायरलेसवरून सल्ला देते. पाळी बहुधा दुपार उतरल्यापासून मध्यरात्र उलटून पहाटेपर्यंतची, कारण फोनही याच वेळात जास्त येतात आणि नेहमीचे बाह्यरुग्ण विभाग याच वेळात बंद असतात.

समजा, रात्री अकराला फोन येतो: उड्डाणपुलावर एक बाई रडत उभी आहे. जवळची गस्तीची गाडी आधी पोहोचते आणि धोका तात्पुरता आटोक्यात आणते. नर्स लगेच पुढे होत नाही; हत्यार आहे का, रहदारी थांबली आहे का, हे पोलिस पाहतात. तोवर ती लॅपटॉपवर आरोग्यसेवेची नोंद उघडते. इंग्लंडमध्ये अनेक ट्रस्टकडे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांकडे, 'रिओ'सारख्या इलेक्ट्रॉनिक नोंदी असतात. नाव आणि जन्मतारीख मिळाली की दोन-तीन मिनिटांत कळतं: ही बाई आपल्याकडे उपचार घेते का, तिच्या उपचारांचा पाठपुरावा करणारी केअर कोऑर्डिनेटर कोण, गेल्या आठवड्यात वॉर्डातून सुटली का, औषध बदललं का, आधी असं झालं तेव्हा कशाने ती शांत झाली होती. पुष्कळ रुग्णांच्या नोंदीत 'क्रायसिस प्लॅन' असतो. तो रुग्णाशी बोलूनच लिहिलेला असतो: संकटात कोणाला फोन करा, काय बोलू नका, कोणता पर्याय मला चालतो.

पोलिसांना हे सगळं वाचायला मिळत नाही. नर्स त्यांना निर्णयापुरतंच सांगते: 'आमच्या ओळखीची आहे, उद्या सकाळी टीमची भेट ठरली आहे, याआधी बहिणीकडे नेल्यावर शांत झाली होती.' निदान, कौटुंबिक इतिहास, जुन्या अत्याचाराच्या नोंदी पोलिसांच्या डायरीत जाण्याचं कारण नाही. जीवाला धोका असेल तेव्हा आवश्यक तेवढी माहिती देता येते. त्या आवश्यकतेची रेघ कुठे ओढायची, यावर दोन्ही खात्यांनी आधीच लेखी करार करायला हवा. करार नसला की दोनच गोष्टी घडतात: नर्स घाबरून काहीच सांगत नाही, नाहीतर सगळंच सांगून टाकते.

मग बोलणं. ट्रिआज म्हणजे समुपदेशन, असा पुष्कळांचा समज असतो. तिथे उपचार होत नाहीत. नर्सला चार गोष्टी ठरवायच्या असतात: आत्ता जीवाला धोका किती, हे मानसिक आजारामुळे आहे की दारू, भांडण, राहतं घर सुटणं यामुळे, शरीराचं काही बिघडलं आहे का आणि ही बाई स्वतःहून मदत घ्यायला तयार आहे का. तिसरा प्रश्न सर्वात दुर्लक्षित राहतो. साखर घसरलेला मधुमेही, डोक्याला मार लागलेला माणूस, जंतुसंसर्गाने भ्रमात गेलेली म्हातारी बाई, हे सगळे रस्त्यावर 'वेड्यासारखे' दिसतात. त्यांना १३६ सुइट नव्हे, अपघात विभाग लागतो. बाई स्वतःहून रुग्णालयात यायला तयार असेल, तर कलम लावायची गरजच उरत नाही. नाहीतर क्रायसिस टीमची (संकटात घरी येऊन बघणाऱ्या आरोग्य पथकाची) रात्रीची भेट, रुग्णालयाऐवजी आधारासाठी 'क्रायसिस हाउस' किंवा 'सेफ हेवन' म्हणून चालणाऱ्या जागा, नातेवाइकाचं घर आणि सकाळची ठरलेली भेट, यातलं काहीतरी जुळवायचं. काहीच जुळलं नाही आणि धोका खरा असेल, तर १३६ लावायचंच. कलम टाळणं हे नर्सचं उद्दिष्ट मानलं तर ती वाईट निर्णय घेईल.

कुठे अडतं

एक गाडी आणि आख्खा जिल्हा. डेव्हन-कॉर्नवॉलसारख्या लांबलचक भागात गाडी तासाने पोहोचते, तोवर आधी आलेल्या पोलिसाने निर्णय घेतलेला असतो. अशा ठिकाणी नियंत्रण कक्षातली नर्स जास्त उपयोगी पडते. दाट वस्तीच्या शहरात गाडी चालते.

नोंद दिसत नाही. माणूस शेजारच्या ट्रस्टचा रुग्ण असेल किंवा परगावहून आलेला असेल, तर लॅपटॉपवर काहीच येत नाही आणि नर्स जवळजवळ पोलिसाइतकीच अंधारात असते. रेल्वे स्थानकांवर हे वारंवार होतं.

पुढे द्यायला काही नाही. हा दोष सगळ्यांत मोठा आहे. ज्या भागात क्रायसिस टीम रात्री फक्त फोन उचलते आणि सकाळची भेट आठवड्याने मिळते, तिथे ट्रिआजने १३६ टाळलं म्हणजे प्रश्न चार दिवस पुढे ढकलला. तोच माणूस, तोच पूल, दुसरी पाळी. म्हणून ताब्यात घेतलेल्यांची संख्या घटली, एवढ्यावरून योजना चांगली ठरवता येत नाही. सोडलेल्यांपैकी किती जणांना दोन दिवसांत कोणी भेटलं, किती जण महिन्याभरात परत आले आणि ज्यांना १३६ लावलं त्यांतले किती दाखल झाले, हे तीन आकडे सोबत लागतात. तिसरा आकडा वाढत असेल तर निवड नेमकी होते आहे असं म्हणता येतं.

आकड्यांबद्दल आणखी थोडं. ईशान्य इंग्लंडमधल्या नॉर्थम्बरलँड-टाइन अँड वेअर भागातला २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की ट्रिआजच्या पहिल्या वर्षात तिथलं कलम १३६ चं प्रमाण ५६ टक्क्यांनी घटलं: लाखामागे सुमारे ६० वरून २६ वर. घट मोठी आहे. पण अशा बहुतेक अभ्यासांत 'आधी' आणि 'नंतर' एवढीच तुलना असते. नर्स नसलेला तसाच दुसरा भाग शेजारी ठेवून पाहिलेला नसतो. आणि ट्रिआज पसरत होतं त्याच दशकात देशभरातला १३६ चा एकूण आकडा वाढतच गेला. एखाद्या भागातला उपाय खरा असू शकतो आणि देशातला पूरही खरा असू शकतो. वस्तीपातळीवरची सेवा आकसली की माणसं पुलापर्यंत पोहोचतात. गाडी त्यानंतर येते.

कृष्णवर्णीयांना या कलमाखाली त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने जास्त प्रमाणात ताब्यात घेतलं जातं. नर्स आल्याने ही तफावत आपोआप मिटलेली नाही.

सहकार्य चुकीच्या दिशेनेही जाऊ शकतं, आणि 'सिम' नावाच्या योजनेत तेच झालं. हॅम्पशर-आइल ऑफ वाइट भागातून सुरू होऊन ती अनेक ट्रस्टमध्ये गेली. वारंवार १३६ मध्ये येणाऱ्या रुग्णांच्या देखभालीतच पोलिस अधिकाऱ्याला बसवलं गेलं. फोन फार केले, पुन्हा पुलावर गेलात, तर खटल्याची ताकीद मिळायची. काही ठिकाणी मदतच द्यायची नाही असं ठरायचं. रुग्णांच्या गटाने २०२१ मध्ये याविरुद्ध मोहीम उघडली. २०२३ मध्ये एनएचएस इंग्लंडने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या वरिष्ठ यंत्रणेने, ट्रस्टना स्पष्ट कळवलं, की उपचारात पोलिसांचा सहभाग, शिक्षेची धमकी आणि मदत रोखणं या तीन गोष्टी बंद झाल्याच पाहिजेत. ट्रिआजमध्ये नर्स पोलिसांच्या कामात येते. सिममध्ये पोलिस नर्सच्या कामात शिरले होते. कागदावर दोन्ही 'संयुक्त योजना' दिसतात.

२०२३ पासून वारं फिरलं आहे. हंबरसाइड पोलिसांनी २०२० मध्ये 'राइट केअर, राइट पर्सन' ही पद्धत सुरू केली. तिचं म्हणणं असं, की जीवाला खरा व तत्काळ धोका किंवा गुन्हा असेल तरच पोलिस जातील. 'आमचा रुग्ण भेटीला आला नाही, जरा घरी बघून या' ही कामं आरोग्य खात्याने आपली आपण करावीत. जुलै २०२३ मध्ये हे देशपातळीवरच्या करारात आलं आणि १३६ खाली आणलेल्या माणसाला पोलिसांनी तासाभरात आरोग्य कर्मचाऱ्यांच्या हवाली करून मोकळं व्हावं, हे उद्दिष्टही. पोलिसांची बाजू समजण्यासारखी आहे. दोन कॉन्स्टेबलांची आख्खी पाळी अपघात विभागाच्या बाकावर जात होती. पण पोलिसांनी सोडलेलं काम उचलायला आरोग्य खात्याने माणसं नेमली का, हे जिल्ह्याजिल्ह्याला तपासावं लागतं. तिथल्या मराठी कुटुंबांसाठी एक व्यवहाराची गोष्ट: जीवाला धोका असेल तर ९९९, नाहीतर १११ लावून मानसिक आरोग्याचा पर्याय निवडायचा. आणि घरातल्या रुग्णाचा क्रायसिस प्लॅन नोंदीत आहे का, आपला फोन नंबर त्यात आहे का, हे बरं असतानाच विचारून ठेवायचं.

महाराष्ट्रातला हवालदार काय करू शकतो

आपल्याकडे कलम १३६ चा जवळचा भाऊ म्हणजे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातलं कलम १००. ठाण्याच्या हद्दीत भटकताना आढळलेला माणूस मानसिक आजारी आहे आणि स्वतःची काळजी घेऊ शकत नाही, किंवा हद्दीतल्या कोणा माणसापासून मानसिक आजारामुळे त्याला स्वतःला वा इतरांना धोका आहे, असं मानायला कारण असेल तर पोलिसांनी त्याला संरक्षणाखाली घ्यायचं. का घेतलं ते त्याला, नाहीतर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला (त्याच्या वतीने बोलायला नेमलेल्या माणसाला) सांगायचं. मग जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत शक्य तितक्या लवकर न्यायचं.

इथेही २४ तासच आहेत, पण मोजमाप वेगळं. इंग्लंडमध्ये पोहोचल्यानंतर तपासणी संपवायला २४ तास. आपल्याकडे संरक्षणाखाली घेतल्यापासून आरोग्य संस्थेत पोहोचवायलाच कमाल २४ तास. मधल्या वेळेत माणसाला कुठे ठेवायचं, याबद्दल कायदा एकच ठाम गोष्ट सांगतो: कुठल्याही परिस्थितीत कोठडीत किंवा तुरुंगात नाही. इंग्लंडने २०१७ मध्ये कोठडीला ठेवलेला अपवाद आपल्या कायद्यात नाहीच. १९८७ च्या जुन्या कायद्यात अशा माणसाला २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागायचं. आता ती पायरी गेली, थेट दवाखाना. तरीही कोर्टाचा कागद मागितला गेला, तर हवालदाराने कलम १०० दाखवावं: तपासणीची व्यवस्था करणं ही त्या संस्थेच्या प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्याची जबाबदारी आहे. आणि ही सरकारी संस्था ठाणे, येरवडा, नागपूर किंवा रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालयच असलं पाहिजे असं नाही. 'जवळची' असं कायदा म्हणतो, म्हणजे जिल्हा रुग्णालयातही नेता येतं.

दाखल करण्याची गरज नाही असं ठरलं, तर त्याला घरी, आणि बेघर असेल तर बेघरांसाठीच्या सरकारी निवाऱ्यात पोहोचवणंही पोलिसांचंच काम. बेघर किंवा भटकणारा माणूस असेल तर हरवलेल्या व्यक्तीचा एफआयआर नोंदवून कुटुंब शोधायची जबाबदारी ठाणे अंमलदारावर आहे. हे काम किती किचकट आहे, हे कर्जतच्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनकडे पाहून कळतं. डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून त्यांच्या गावी, घरी पोहोचवण्याच्या कामासाठी.

घराच्या चार भिंतींत कोणाला बांधून ठेवलं असेल, मारहाण होत असेल, तर कलम १०० लागत नाही. तिथे कलम १०१ खाली पोलिसांनी मॅजिस्ट्रेटला कळवायचं असतं. गाडीत नर्स असण्याची व्यवस्था या कायद्यात नाही. पण माहिती विचारायला फोन आहे: १४४१६, म्हणजे ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली टेलि-मानस. तो नागरिकांसाठी असला तरी रात्रपाळीच्या हवालदाराने लावू नये असं काही नाही. पलीकडच्याला रुग्णाची जुनी नोंद दिसणार नाही, इंग्लंडमधल्या नर्सला दिसते तशी. त्यामुळे खिशातली औषधांची चिठ्ठी, गोळ्यांची पट्टी, केसपेपरवरचा रुग्णालयाचा नंबर, मोबाइलमधला शेवटचा कॉल, हे आधी पाहून मग फोन करावा, आणि तेच सगळं दवाखान्यात देताना वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हातात द्यावं.